बोंडूचा हंगाम आणि वहिनी

२२ फेब्रुवारी, रविवार

कातळी सड्यावरच्या वरच्या रांगेत काजूचे पहिले बोंडू पडले. बावीस, असं माझ्याकडे कामाला असलेले पांडूकाका म्हणाले. मी मोजले नाहीत. एक पुसून खाल्ला. तुरट, घसा धरणारा, पण आत साखर आहे. मापून बघितली, बारा टक्के. फेब्रुवारीत बारा म्हणजे यंदा झाडं खुशीत आहेत.

तिन्ही टाक्या सोड्याच्या पाण्याने धुतल्या. रस पिळायच्या प्रेसला तेल दिलं. पांडूकाका वाकून स्क्रू फिरवत होते तेव्हा त्यांची कंबर धरली. बासष्ट वर्षांचा माणूस, पण "बस" म्हटलेलं चालत नाही.

नाशिकला एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या वायनरीत द्राक्षांचे हंगाम केले. द्राक्षं एखादा दिवस थांबतात. बोंडू सकाळी पडला की संध्याकाळी आंबूस. म्हणून सगळी मदार वाडीतल्या बायांवर. चौदा जणी. त्या बी पिळून आपल्या घरी नेतात, उरलेलं फळ मला देतात. माझ्याआधी ते फळ गुरं खायची, नाहीतर रानातल्या दारूच्या भट्टीत जायचं.

काल रस्त्याला पाटी लावली. "येथे काजूबोंडूची वाइन चाखायला मिळेल." तीन वर्षं इथे वाइन केली आणि सगळी बाहेर पाठवली. यंदा चाखायच्या खोलीचा परवाना मिळालाय. स्वतःच्या गावात स्वतःची वस्तू उघडपणे दाखवणार. पाटी जरा मोठीच झाली. असू दे.

उद्यापासून बाया येतील.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल नऊ जणी आल्या. आज तीन. त्या तिघी पण भिंतीला टेकवून ठेवल्यासारख्या उभ्या, हात चालेनात. विचारलं तर खाली बघतात. आठ वाजता कळलं का ते. फाटकात वहिनी.

वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा जाऊन पाच वर्षं झाली. प्याला आणि गेला, याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. वहिनीने नंतर वाडीतल्या बायांचा बचत गट उभा केला. गावात तिचा शब्द सरपंचापेक्षा वर.

ती आत आली नाही. मी फाटकाशी गेले.

"लांब नेवन इकलंस, तवा आमी गप रवलो," म्हणाली. "आता हयसर, शाळेच्या रस्त्यार, पाजूक बसतलंस?"

"पाजूक नाय गो वयनी. चाखूक."

"तुझ्या दादान पयलो घोट चाखूकच घेतल्यान."

मग तिने सांगितलं, पाटी काढ, खोली बंद ठेव, नाहीतर वाडीतली एक बाई तुझ्या बोंडूला हात लावणार नाही. शांतपणे. भाजीचा भाव सांगावा तसं.

मी म्हटलं, "पाटी काढूचंय नाय."

"बरां," म्हणाली आणि गेली. मागे वळून त्या तिघींकडे नुसतं बघितलं. तिघी टोपल्या उलट्या ठेवून तिच्या मागोमाग.

मला तिचा राग आला पाहिजे होता. आला तो स्वतःच्या आवाजाचा. फार ताठ निघाला.


२५ फेब्रुवारी, बुधवार

कोणी नाही.

मी आणि पां.का. दोघांनी वेचलं. सकाळी साडेसहा ते अकरा. जेमतेम एका टाकीचा तळ झाकेल एवढा रस. बाकी झाडाखाली. दुपारी वाडीतून चालत गेले. प्रत्येकीच्या माडापोफळीच्या कुळागरात, घरामागच्या परड्यात, बी काढून घेतलेले बोंडू ढिगाने पडलेत. लाल, पिवळे, फुटलेले, माश्या बसलेल्या. सगळ्या गावाला आंबलेला वास. मला दाखवायलाच टाकलेत असं वाटलं, पण तसं नाही, ते नेहमीच असे पडायचे.

हात चिकट. नखं काळी. कंबर नाही.

पाटी काढणार नाही.


२८ फेब्रुवारी, शनिवार

पाटीला डांबर. बोटांनी फासलंय, ब्रशने नाही. "चाखायला" हा एवढा एकच शब्द झाकला. कोण ते कळलं नाही, शोधायलाही गेले नाही. वहिनी नव्हे. ती करायची तर दिवसाढवळ्या, माझ्यासमोर करेल.

मालवणला जाऊन पांढरा आणि लाल रंग आणला. पांडूकाका म्हणाले, दोन दिवस जाऊ दे, मग रंगव. मी आजच रंगवली. रस्त्याच्या कडेला स्टुलावर उभी राहून, येणारे-जाणारे बघतायत तशी. पूर्वीपेक्षा अक्षरं वीतभर मोठी. खाली माझं नाव पण घातलं, जे आधी नव्हतं.

शाळेतले दोन मास्तर थांबले. एकाने "छान अक्षर आहे" म्हटलं. दुसऱ्याने त्याला चल म्हटलं.


४ मार्च, बुधवार

शिमगा. दुपारी रोंबाट, शिमग्याची मिरवणूक, वाडीतून फिरलं. ढोल वरच्या वळणावर आला तेव्हा मी नारळ आणि गूळ काढून फाटकात उभी. दरवर्षी माझ्याकडे थांबतात, नाचतात, शबय म्हणजे शिमग्याचं दान मागतात. ढोल फाटकासमोरून गेला. थांबला नाही. दोघे ओळखीचे होते, त्यांनी माझ्याकडे न बघता ढोल जास्त जोरात वाजवला.

नारळ पांडूकाकांनी माझ्या हातातून घेतला, फाटकाच्या खांबावर फोडला, म्हणाले, "देव काय ढोलार बसान येणा नाय." एक भकल मला, एक त्यांना.

खोबरं चांगलं होतं.


६ मार्च, शुक्रवार

हिशोब (फळांचा): झाडावर अजून दोन महिने. आमचे चार हात. या वेगाने एक टाकी पण भरणार नाही, आणि तीन टाक्यांशिवाय पुढच्या वर्षी दुकानांना तोंड दाखवता येणार नाही.

वैभववाडीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याला, मंदाताई आहेत. गेल्या वर्षी बांद्याच्या बाजारात काजूगर विकताना भेट झाली होती. त्यांच्या गावात सगळी काजूची झाडं, बोंडू सगळे टाकून देतात. फोन लावला. म्हणाल्या, बोंडू हवे तेवढे ने, पण इथून तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचं काय होणार?

खरंय. पिकअपमध्ये अडीच तास, त्यात घाटाखालचा रस्ता. पोचेल ते पोतंभर आंबट चोथा.

दिवसभर यावर डोकं लावलं. चार वाजता पांडूकाकांना म्हटलं, फळ इकडे आणता येत नसेल तर प्रेस तिकडे न्यायचा.

ते प्रेसभोवती एक फेरी मारून आले. म्हणाले, चार बोल्ट काढले की सुटतो.


९ मार्च, सोमवार

नेला.

पिकअप मी चालवली. मागे प्रेस, वीस लिटरचे कॅन, मालवण बंदरावरून घेतलेला बर्फ, आणि बर्फाच्या शेजारी गोणपाटावर पांडूकाका, कारण पुढे बसले की त्यांना उलटी होते.

मंदाताईंच्या अंगणात फणसाखाली मांडला. सात-आठ बाया आधीच टोपल्या घेऊन बसलेल्या. त्यांना वाटलं होतं कुणीतरी साहेब येणार. उतरले मी, कंबरेला टॉवेल. एकीने विचारलं, याची दारू होते का? म्हटलं, वाइन होते, आणि हो, तिने चढते. जास्त प्यायली तर चांगलीच चढते. ती हसली. म्हणाली, निदान खोटं तरी बोलत नाही ही.

बारा वाजेपर्यंत तेवीस कॅन. रस काढल्या काढल्या पातळ पेज घालायची, म्हणजे तुरटपणा धरून खाली बसतो. ती पेज मंदाताईंनी चुलीवर केली. वर रस नासू नये म्हणून औषधाची चिमूट, झाकण, बर्फ. सहा वाजता रस टाकीत. वास घेतला. ताजा. एक पण कॅन बिघडला नाही.

इतकी दमलेय की अक्षर वेडंवाकडं येतंय. पण टाकी नं. १ मध्ये पहिल्यांदा रस धो धो पडल्याचा आवाज झाला.


११ मार्च, बुधवार

परत जाऊन आलो. एकोणीस कॅन. टा. १ भरली. यीस्ट घातलं.


१५ मार्च, रविवार

गिरणीत वहिनी भेटली. तांदूळ दळायला आलेली. माझा डबा तिच्या डब्याच्या मागे. गिरणवाला सोडून तिसरं कोणी नव्हतं, आणि गिरणीच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नसणार.

म्हणाली, कळलं मला, वैभववाडीसून रस आणतंस. चांगलां. तुजी जिद आसा, ती माका ठावक आसा. मग माझ्या जवळ येऊन, कानाशी:

"पाटीचा र्‍हवांदे. त्या पांडग्याक तू टाक्यांर ठेवलंस. माझ्या घोवाक कोणी पाजल्यान, ता तुका ठावक नाय?"

तिचं पीठ झालं. डबा डोक्यावर घेतला आणि गेली.

मला ठाऊक होतं. हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. मी गणपतीला नाशिकहून यायचे तेव्हा दादा दुपारी व्हाळाकडे, ओढ्यावर, जायचा. व्हाळाच्या काठाला पांडूकाकांची भट्टी होती, काजूच्या दारूची. गावात सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी इथे वायनरी सुरू करताना बोंडूचं ज्याला सगळं कळतं असा एकच माणूस होता. फळ कुठल्या दिवशी पडणार हे तो झाडाकडे बघून सांगतो. मी त्याला कामावर घेतलं आणि दादाचं नाव त्याच्यासमोर काढलं नाही. त्यानेही काढलं नाही. दोघांनी मिळून तीन वर्षं.

आणि वहिनीने तीन वर्षं रोज त्याला माझ्या फाटकातून आत जाताना बघितलं.


१६ मार्च, सोमवार

विचारलं. कॅन धूत होते. मी म्हटलं, काका, दादाला तुम्ही देत होता?

हात थांबले नाहीत. "होय. माझ्याकडेच येय तो. कधी नाय म्हणूक नाय मी."

मी विचारलं, तो गेला म्हणून तुम्ही भट्टी बंद केलीत का? मला "होय" हवं होतं. खरंच हवं होतं.

"नाय. ती तेच्या आदीच पोलिसांनी फोडली."

मग कॅन उपडा घालून म्हणाले, "जा म्हटलंस तर जातंय."

मला त्यांना जा म्हणायचं होतं. अर्धा मिनिट तसं वाटलं. पण काढून टाकलं तर माझे हात धुतल्यासारखे दिसतील, एवढंच होईल. घेतलं तेव्हा डोळे उघडे होते. आता कोणी बोट दाखवलं म्हणून झटकायचं? नाही.

म्हटलं, राहा. पण जे मला सांगितलंत ते वहिनीला सांगा. माझ्या तोंडून ती ऐकणार नाही, आणि मी सांगणारही नाही.

संध्याकाळी त्यांनी प्रेसचे बोल्ट सोडवले आणि उद्या किती वाजता निघायचं ते विचारलं.


२३ मार्च, सोमवार

उत्पादन शुल्कच्या कार्यालयातून पत्र. गावातल्या महिलांनी सह्यांचं निवेदन दिलंय, "आडवी बाटली"साठी, म्हणजे दारूबंदीच्या मतासाठी. सह्यांची पडताळणी होईल, मग मतदान: आडवी म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. आडवीला बहुमत मिळालं तर चाखायची खोली बंद, आणि ग्रा.पं. पुढच्या वर्षी वायनरीलाच ना-हरकत देणार नाही असं सरपंच फोनवर म्हणाले. आवाज कष्टी केला होता.

पत्रासोबत नावांची प्रत. पहिली सही वहिनीची. खालोखाल माझ्या चौदाही जणी. एकीने अंगठ्याऐवजी नाव लिहिलंय, वाकडं, पण पूर्ण. तिला लिहायला मीच शिकवलं होतं, पहिल्या हंगामात, जेवणाच्या सुट्टीत. बरं वाटलं आणि वाईट वाटलं, कुठलं आधी ते सांगता येणार नाही.

कार्यालयातल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, मतदार यादीत तुमचंही नाव आहे. तुम्हीही मतदान करू शकता." म्हटलं, करणारच.


२ एप्रिल, गुरुवार

सकाळपासून वीज नाही. टा. २ उसळत होती, २७ डिग्रीवर गेली. अशीच चढत राहिली तर वाइन नाही, शिरका (व्हिनेगर) होईल. पिकअप काढली, बंदरावर गेले. मासे उतरले होते, बर्फाची मारामार. बर्फवाल्याने चार लाद्या दिल्या, कोळंबीवाल्यांच्या आधी. का दिल्या विचारलं नाही. लाद्या गोणपाटात गुंडाळून टाकीभोवती लावल्या, दर वीस मिनिटांनी पाणी. पांडूकाका एका बाजूला, मी दुसऱ्या.

चार वाजता २१. पाचला वीज आली.

माशांचा वास टाकीखोलीतून अजून गेलेला नाही. वाइनला लागला तर लागला, मालवणची आहे म्हणून विकीन.


१० एप्रिल, शुक्रवार

पांडूकाका वहिनीकडे गेले. मला न सांगता, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. परत आले तेव्हा सदरा घामाने अंगाला चिकटलेला. विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, पाठमोरे उभे राहून.

वहिनी अंगणात काजूगर सोलत होती. बस म्हणाली नाही. ते उन्हात उभे राहिले आणि सांगितलं: मीच देत होतो, मी कधी नाही म्हटलं नाही. ती सोलत राहिली. मग एकच विचारलं, शेवटच्या खेपेला कोणी दिली?

काका म्हणाले, ती मी नाही, तेव्हा भट्टी मोडलेली होती, ती त्याने कुठूनतरी बांद्याच्या बाजूने आणलेली. पण सवय लावणारा मीच.

वहिनी म्हणाली, "जा आता."

एवढंच. पाणीही विचारलं नाही, शिवीही दिली नाही. काका मला म्हणाले, शिवी दिल्यान असती तर बरा झाला असता.

मी त्यांना पाणी दिलं. मग दोघांनी टा. २ चं माप घेतलं.


१९ एप्रिल, रविवार

वैभववाडीची सातवी खेप. बोंडू कमी होत चाललेत. मंदाताईंकडच्या बाया आता प्रेस मला हात लावू देत नाहीत, स्वतःच फिरवतात. मी नुसती पेज ढवळते. त्यांना आडवी बाटलीचं सांगितलं. एक म्हणाली, आमच्याकडे असती तर मी पण सही केली असती, मग बोंडू पण दिले असते. सगळ्या हसल्या. मला त्यात हसण्यासारखं दिसलं नाही, पण परतताना गाडीत ते वाक्य डोक्यातून जाईना.


१ मे, शुक्रवार

ग्रामसभा. शाळेच्या हॉलमध्ये, पंखे दोन, माणसं दाटीवाटीने. बाया एवढ्या कधी आल्या नव्हत्या.

आत जायच्या आधी सरपंचांनी बाजूला घेतलं. म्हणाले, तुम्ही असं सांगा की ही आरोग्याला चांगली असते, फळाचा रसच आहे, औषधी आहे. लोक ऐकतील. मी सांभाळून घेतो.

मी उभी राहिले आणि नेमकं उलट सांगितलं. ही रस नाही, औषध नाही. हिच्यात अल्कोहोल आहे, बाटलीवर किती ते लिहिलेलं असतं. मी ती करते, चांगली करते, उघड्यावर करते, परवाना घेऊन करते. रानात लपून केलेली गावाला चालली, तेव्हा कोणी ग्रामसभा बोलावली नाही. माझ्याकडे पाटी आहे म्हणून मी सापडते. पाटी मी काढणार नाही.

आवाज थरथरला. थरथरू दे.

मागून एक जण (स्वतः संध्याकाळी चालता येत नाही ज्याला) म्हणाला, बायलमाणसान दारू करूची म्हणजे काय? दोघे-तिघे हसले.

वहिनी उभी राहिली. मला वाटलं माझ्यावर येणार. ती त्याच्याकडे वळली.

"तू गप बस. ह्यां आमच्या दोघींचा आसा."

मग ती बोलली. माझ्याविरुद्धच बोलली. म्हणाली, नणंद माझी वाईट नाही. ती खोटं बोलत नाही हे आता सगळ्यांनी ऐकलं. पण माझ्या घरात एक माणूस कमी आहे, आणि शाळेच्या रस्त्यावर ती पाटी वाचत पोरं जाणार. मला ते चालणार नाही. ती चांगली करते की वाईट करते, हा माझा प्रश्नच नाही.

एकीने विचारलं, त्या पांडग्याला तरी काढशील का? तेवढं केलंस तर आम्ही विचार करू. मान डोलली बऱ्याच जणींची. काका दाराबाहेर उभे होते, ऐकत होते. सोपं होतं. एक "हो" म्हटलं असतं तर अर्ध्या सह्या तिथेच गळाल्या असत्या.

म्हटलं, नाही. तो राहणार.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. काय होतं त्या बघण्यात ते कळलं नाही. राग नव्हता, एवढं नक्की.

मतदान १७ तारखेला, रविवारी, दहा वाजता, शाळेतच.


२ मे, शनिवार

अंग मोडून आलंय. कोणाचा फोन नाही. पांडूकाका वेळेवर आले. म्हणाले, माझ्यासाठी कित्याक? मी म्हटलं, तुमच्यासाठी नाही. कशासाठी ते मलाही नीट सांगता आलं नाही.


९ मे, शनिवार

आकाश भरून आलंय, पण पडत नाही. शेवटचे बोंडू. आमच्याच सड्यावरचे, दोन टोपल्या. टोपली घेऊन वाडीतली रेश्मा आली, स्वतःहून, आठ वाजता. चौदांतली एक, तीच जिला लिहायला शिकवलं. म्हणाली, सही केलंय तसां मत पण आडवांच टाकतलंय. पण आज घरात काम नाय. वेचू लागली. दुपारी दोघींनी डबा खाल्ला, तिने आणलेली सोलकढी दिली. जाताना विचारलं, पुढच्या वर्षी बोलावशील ना?

पुढचं वर्ष असलं तर.

तीन टाक्या. टा. १ बसत आली, पारदर्शक होतेय. टा. २ अजून गढूळ. टा. ३ अर्धीच, पण आहे. फेब्रुवारीत कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. चाखायच्या खोलीला अजून एकही गिऱ्हाईक आलेलं नाही. कुलूप मी रोज उघडते, पुसते, रोज बंद करते.


१४ मे, गुरुवार

सकाळी नऊला फाटक वाजलं. वहिनी. एकटी. तीन वर्षांत पहिल्यांदा आत आली. चपला बाहेर काढल्या, देवळात काढावं तशा. म्हटलं, घाल, ओलं आहे. घातल्या नाहीत.

"तुझ्यो टाक्यो दाखय."

दाखवल्या. प्रेस दाखवला, कॅन, माप, बर्फाच्या गोणपाटांचे डाग. ती प्रत्येक ठिकाणी थांबली. काही विचारलं नाही. पांडूकाका आत होते. ते मागच्या दाराने बाहेर जायला निघाले तर म्हणाली, थांब, काम कर तुझा. ते थांबले. बाटल्या धूत राहिले. एक बाटली तीन वेळा धुतली, मी बघत होते.

टा. २ शी आली. वर नळीतून बुडबुडे येतात, त्याचा आवाज कान लावून ऐकला. मग वाकून वास घेतला. डोळे मिटले.

"वास तोच," म्हणाली.

नाही म्हणता आलं असतं. यीस्ट वेगळं, रीत वेगळी, स्वच्छता वेगळी. नाशिकला लोकांना हेच समजावून सांगायचे, तासभर.

"तोच," मी म्हटलं. "बोंडू तोच, वयनी. वास तोच येतलो."

"माका वाटलेलां तू नाय म्हणशीत."

एवढं बोलून तिने टाकीला हात लावला. नुसता तळवा टेकवला. चाख म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. म्हटलं नाही. तिने मागितलीही नाही.

फाटकाकडे चालत गेलो. चपला हातात घेऊन ती चालत होती. कातळ तापलेला, तरी.

"आयतवारी आडवी मारतलंय मी," म्हणाली.

"मार. मी उभी मारतलंय."

"ठावक आसा."

मग चपला खाली टाकून पायात घातल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "रांगेत माझ्या फुड्यात उभी रव. पाठसून तुका कोण काय बोललो तर माका आयकाक येयत."

हो म्हटलं.

ती उताराने खाली गेली. वळणाशी रेश्मा भेटली, तिच्याशी थांबून काहीतरी बोलली. काय ते इथपर्यंत आलं नाही.

टा. २ शनिवारी गाळावरून उपसायची. मतदानाच्या आदल्या दिवशी कशाला, पुढच्या आठवड्यात करू, असं पांडूकाका म्हणत होते. मी शनिवारच सांगितलाय. सकाळी सातला.